सलाईन लावलं तर ते डोपिंग होतं का? (भाचा, माउंटन बाइकची म्हणजे एमटीबीची नॅशनल आणि माझी उडालेली झोप)

लळिंगचा_मामा (धुळे)

राम राम मंडळी.

एरवी मी इथे फक्त टायरमधल्या हवेवरून भांडतो, पण आज मदत पाहिजे. भाचा सतरा वर्षांचा, चाळीसगावला राहतो. तीन वर्षांपूर्वी माझी जुनी हार्डटेल सायकल त्याला दिली आणि पोरगं पाटणादेवीच्या रस्त्यालगतच्या दगडगोट्यांत असं सुटलं, की यंदा ज्युनियर क्रॉस कंट्रीसाठी राज्याच्या संघात गेलं. पुढच्या महिन्यात नॅशनल.

गेल्या रविवारी लळिंगच्या किल्ल्याखाली सराव ठेवला. मार्च असला तरी आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. चौथ्या फेरीला पोटऱ्यांत गोळे आले, मग चक्कर. जवळच्या एका दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत खिळ्याला बाटली टांगली, तिच्यात पिवळं इंजेक्शन सोडलं (त्या पिवळ्या रंगावर आपल्या लोकांचा किती जीव!) आणि म्हणाले, "रेसच्या आदल्या रात्री अजून एक लावून घ्या, घोड्यासारखा पळेल." ताईने लगेच विचारलं, दोन लावल्या तर?

संध्याकाळी टपरीवर ओळखीचे एक पहिलवान भेटले. त्यांनी ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. "मामा, सलाईन म्हणजे डोपिंग. पोराला घरी बसवशील." मी हसलो. रात्री मोबाईलवर वाचत बसलो तेव्हा हसू गेलं.

मग पोराची बॅग उपसली. खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, जिममधल्या कुणा दादाने दिलेला बिनलेबलचा पावडरचा डबा, आणि आजीने गुडघ्यासाठी दिलेल्या काळ्या गोळ्यांची पुडी. जाणकारांनी सांगावं. धाग्याचा आखाडा करू नये ही विनंती.

बट्टी_वरण (जळगाव)

सलाईन डोपिंग असेल तर अख्ख्या जिल्ह्यावर चार वर्षांची बंदी येईल मामा. आमच्याकडे हळदीच्या रात्री नवरदेवाला लावतात.

गिरणाकाठ

मामा, आठे लळिंगले दिल्लीथीन कोन इसन तपासी? उगा टेन्शन लेवू नका.

मेडिकलवाला (शहादा)

पहिलवान बरोबर बोलले. वाडा म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था. तिच्या नियमात बारा तासांत १०० मिलीपेक्षा जास्त काहीही शिरेतून घ्यायला बंदी आहे, आणि ती बाराही महिने, फक्त स्पर्धेच्या दिवशी नाही. खिळ्याला टांगलेली बाटली ५०० मिलीची. आत नुसतं मीठ-पाणी असलं तरी फरक पडत नाही.

का, तर सलाईनने रक्त पातळ होतं. कुणी रक्तातल्या लाल पेशी औषधाने वाढवल्या असतील तर तपासणीच्या आधी बाटली लावून आकडा खाली आणता येतो. म्हणजे तुमच्या भाच्याने ताकदीसाठी घेतली काय आणि चोराने चोरी लपवायला घेतली काय, बाटली तीच.

सूट आहे ती रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराला. ऊन लागून ॲडमिट झाला तर सलाईन चालते, पण कागद पाहिजे. रविवारचा केस पेपर, त्यावर तारीख, लक्षणं, काय दिलं ते, सगळं त्या दवाखान्यातून लिहून आणा. उद्याच जा, आठवड्याने त्यांनाच आठवणार नाही.

आता बॅग. खोकल्याच्या बाटलीवरची घटकांची बारीक अक्षरं वाचून इथे टाका. गोळ्यांच्या पुडीचा फोटोही टाका.

लळिंगचा_मामा

चष्मा लावून वाचलं: टरब्युटालिन सल्फेट, ब्रोमहेक्झिन, ग्वायफेनेसिन, मेंथॉल. गोळ्यांच्या पुडीवर पेनाने "विषतिंदुक, सकाळ-संध्याकाळ १" एवढंच.

मेडिकलवाला

बाटली घरातल्या दुसऱ्या कुणाला खोकला झाला तर ठेवा, पोराच्या बॅगेतून काढा. टरब्युटालिन श्वासनलिका मोकळी करतं, आणि ते बंदीच्या यादीत आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. असली सिरप आपल्याकडे कुणीही "खोकल्याचं द्या" म्हटलं की काउंटरवरून जातात. मी स्वतः दिवसाला दहा देतो. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल ठराविक मात्रेपर्यंत चालतं, दिवसाला १६०० मायक्रोग्रॅम. पण तेच औषध सिरपमधून पोटात गेलं तर चालत नाही. औषध एक, वाट वेगळी, निकाल वेगळा. गिऱ्हाइकाला हे समजावताना माझ्या तोंडाला फेस येतो.

विषतिंदुक म्हणजे कुचला. शुद्ध करून वैद्य लोक पिढ्यान्पिढ्या देत आलेत, त्यावर मला बोलायचं नाही. पण कुचल्यात स्ट्रिक्निन असतं आणि ते स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या उत्तेजकांत मोडतं. स्पर्धेचा काळ म्हणजे आदल्या रात्री ११:५९ पासून.

सातपायरी (शहादा)

कुचल्याची गंमत अशी, की १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला धावता धावता स्ट्रिक्निन आणि ब्रँडी पाजली होती. तेव्हा नियमच नव्हता. तो शेवटी जवळजवळ उचलूनच आणावा लागला आणि तरी सुवर्णपदक त्याचंच. आजीला सांगा, तुमच्या गोळीला ऑलिंपिकचा इतिहास आहे, पण आता बंद.

मामा, मी काही वर्षं एमटीबी रेस केली. तोरणमाळच्या सातपायरी घाटात चढायला शिकले आणि सीताखाईच्या बाजूला दोनदा हात मोडून घेतला. आता शहाद्याला मुलांना शिकवते. माझी दोनदा तपासणी झाली. म्हणून @गिरणाकाठ भाऊ, दिल्लीहून येतात. लळिंगला येणार नाहीत, नॅशनलला येऊ शकतात, आणि पहिल्या तिघांबरोबर मधल्याच कुणाचाही नंबर काढतात.

आपल्या खेळात हे कुठून आलं ते थोडं सांगते. क्रॉस कंट्रीत साधारण दीड तास हृदय फुटेपर्यंत चढायचं, उतारावर श्वास घ्यायचा, परत चढायचं. सगळा खेळ रक्त किती ऑक्सिजन वाहून नेतं यावर. त्यामुळे ईपीओ हे औषध इथे सोन्यासारखं. ते मूळचं मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक. डायलिसिसच्या रुग्णांचं रक्त वाढावं म्हणून त्याची इंजेक्शनं बनली आणि सायकलवाल्यांनी पळवली. नव्वदच्या दशकात ते पकडणारी चाचणीच नव्हती. १९९७ पासून सायकल महासंघाने एवढंच ठरवलं, की रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं तर किमान पंधरा दिवस शर्यतीत उतरायचं नाही. याचा अर्थ लोकांनी काय काढला असेल? ४९ पर्यंत बिनधास्त. लघवीतलं ईपीओ ओळखणारी चाचणी आली ती २००० साली, सिडनी ऑलिंपिकला.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात केर्न्सला जागतिक स्पर्धा झाली. फ्रान्सचा जेरोम शियोटी जिंकला, स्वित्झर्लंडचा थॉमस फ्रिशक्नेश्ट दुसरा आला. शियोटी कुठल्याही तपासणीत सापडला नव्हता. चार वर्षांनी, २००० मध्ये, त्याने स्वतःच सांगितलं की मी ईपीओ घेत होतो, आणि आपली विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी नि पदक नेऊन फ्रिशक्नेश्टच्या हातात दिलं. मी मुलांना एवढी एकच गोष्ट सांगते, त्यावर भाष्य करत नाही.

बेल्जियमचा फिलिप मेअरहाघ २००३ चा विश्वविजेता. २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर ईपीओत सापडला. त्याने आढेवेढे न घेता कबूल केलं. स्लोव्हेनियाच्या ब्लाझा क्लेमेंचिचचा २००४ चाच नमुना २०१२ मध्ये पुन्हा उघडला, तेव्हा त्यात ईपीओ निघालं. नमुने दहा वर्षं जपून ठेवता येतात, आणि चाचण्या दर वर्षी सुधारतात.

पांझरा_किनारी (धुळे)

ताई, माहिती छान. पण तुमच्याच उदाहरणांतून काय सिद्ध होतं? शियोटी सापडला नाही, स्वतः बोलला. मायकेल रासमुसेन १९९९ चा एमटीबी विश्वविजेता. मग रोड रेसिंगमध्ये गेला. २००७ मध्ये टूर द फ्रान्सची पिवळी, म्हणजे आघाडीवाल्याची जर्सी अंगात असताना त्याच्याच संघाने घरी पाठवला, तोही औषध सापडलं म्हणून नव्हे, तर मेक्सिकोत आहे असं कळवून इटलीत सराव करत होता म्हणून. २०१३ मध्ये म्हणाला, बारा वर्षं घेत होतो. बारा वर्षं! कॅनडाचा रायडर हेसजेडल, २००३ च्या जागतिक एमटीबी स्पर्धेतला रौप्यवाला, त्यानेही २०१३ मध्ये कबुली दिली.

म्हणजे ज्यांच्याकडे पैसा आणि डॉक्टर, ते बारा वर्षं पचवतात. आणि आमचं चाळीसगावचं पोरगं खोकल्याच्या औषधात अडकणार. हा नियम नक्की कुणासाठी आहे? मी डोपिंगची बाजू घेत नाहीये, पण हे मासे पकडायचं जाळं असं आहे की मगर निघून जाते आणि झिंगा अडकतो.

बट्टी_वरण

+१. तापीत मगरी आहेत, झिंगे संपले.

सातपायरी

@पांझरा_किनारी, राग बरोबर आहे, हिशोब जुना आहे. २००८ पासून सायकलिंगमध्ये रक्ताचा पासपोर्ट आहे. औषध शोधत बसायचं नाही. खेळाडूचं रक्त वर्षभर अधूनमधून मोजायचं, आणि त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यांत उडी दिसली की विचारायचं, ही कुठून आली? वरच्या फळीतल्या खेळाडूंना रोजचा एक तास कळवावा लागतो, की या वेळेला मी या पत्त्यावर सापडेन. बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर औषध न सापडताही बंदी. रासमुसेन गेला तो अशाच खोट्या पत्त्यात.

मगरी संपल्या असं मी म्हणणार नाही.

डॉ_केळीबाग (सावदा)

धागा उशिरा पाहिला. वर एका डॉक्टरला (नाव न घेता, बरं केलंत) सगळे बोलले, म्हणून चार शब्द. केळीच्या कापणीला आलेला मजूर माझ्याकडे येतो, दोन दिवस ताप असतो, गोळी लिहून दिली तर बघतच राहतो. "सलाईन नाही लावणार?" नाही म्हटलं तर समोरच्या दवाखान्यात जातो. पेशंटला बाटली दिसली की उपचार झाला असं वाटतं आणि आमच्यातले बरेच जण ती टांगतात. चूक आमचीच, पण एका हाताने टाळी वाजलेली नाही.

आता मामांसाठी कामाचं. पहिलं, गुडघ्यासाठी कुणी "एक सुई मारतो, लगेच बरं" म्हणालं तर थांबवा. आपल्याकडे त्या सुईत बहुतेक वेळा डेक्सा किंवा तत्सम स्टिरॉइड असतं. २०२२ पासून ही सगळी स्टिरॉइडं कुठेही टोचली, अगदी सांध्यात, तरी स्पर्धेच्या काळात बंदी आहे आणि शरीरातून जायला दिवस-आठवडे लागतात. दुसरं, दुखण्यासाठी ट्रामाडॉल नको. सायकल महासंघाने ते २०१९ मध्येच बंद केलं, कारण घोळक्यात डुलकी आली की पडझड होते. २०२४ पासून सगळ्याच खेळांत बंद. तिसरं, खरंच औषध लागत असेल तर टीयूई म्हणून रीतसर परवानगी मिळते. शक्यतो आधीच अर्ज करायचा.

चौथं लिहू की नको असं झालं होतं. मेफेंटरमाईन. भूल देताना रक्तदाब पडला तर तो उचलायचं इंजेक्शन. जिममध्ये आणि भरतीच्या मैदानावर पोरं ते दंडात टोचून घेतात, दोन तास थकवा कळत नाही. रात्री धडधड घेऊन माझ्याकडे एकाला आणलं होतं, नाडी १६० च्या वर. पोलीस भरतीचा मुलगा. बापाला वाटत होतं पोरगं फार मेहनत करतंय. बंदी वगैरे नंतर, आधी जीव सांभाळा.

पांझरा_किनारी

डॉक्टरसाहेब, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला दंडवत.

पण माझं एक टोक उरलंय. निर्दोष माणसाचं काय? माथियास फ्ल्युकिगर, स्वित्झर्लंडचा, टोकियो ऑलिंपिकमध्ये एमटीबीचं रौप्य. ऑगस्ट २०२२ मध्ये म्युनिकच्या युरोपियन स्पर्धेच्या तोंडावर जाहीर केलं, की झेरानॉल सापडलं, निलंबित. हे झेरानॉल म्हणजे गुरांचं वजन वाढवायचं औषध. अमेरिकेत जनावराच्या कानाच्या कातडीखाली त्याची गोळी बसवतात. याच्या नमुन्यात नावापुरता अंश होता. डिसेंबरमध्ये निलंबन उठलं आणि पुढे तो सुटला. पण तोवर पेपरात नाव काळं झालं होतं. त्याचा तो हंगाम परत कोण देणार?

सातपायरी

कुणी नाही देणार. त्या प्रकरणात मी पूर्ण तुमच्या बाजूने. इतका बारीक अंश सापडला तर ते "संशयास्पद, आधी चौकशी करा" या खात्यात जातं. मांसातून आला असेल का, हे बघायचं असतं. स्वित्झर्लंडवाल्यांनी आधी जाहीर केलं आणि मग बघितलं.

उलटं उदाहरणही घ्या. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एंड्युरो शर्यतीत जेरेड ग्रेव्ह्ज आणि रिची रूड असे दोन मोठे खेळाडू हायजेनामाईन आणि ऑक्सिलोफ्रीनमध्ये सापडले. हायजेनामाईन कमळासारख्या काही वनस्पतींतही असतं. ही नावं "नैसर्गिक ताकदीच्या" पावडरींत फिरत असतात. दोघांचेही महिने गेले. शरीरात सापडलं की जबाबदार तू, हा नियम कडक आहे, मला आवडत नाही, पण दुसरा कुठला चालेल हेही मला सुचत नाही. "मला माहीत नव्हतं" हे खरं बोलणाराही म्हणतो आणि खोटं बोलणाराही.

म्हणून मामा, तो बिनलेबलचा डबा. आज रात्री.

मेडिकलवाला

आणि आपण युरोपाकडे बोट दाखवतोय, तर घरचंही ऐका. वाडाच्या २०२३ च्या आकड्यांत भारतात ५६०० च्या वर नमुने तपासले, त्यांतल्या ३.८ टक्क्यांत बंदीचं काहीतरी सापडलं. मोठ्या संख्येने तपासणी करणाऱ्या देशांत आपण सगळ्यांत वर. दिल्लीच्या आपल्या प्रयोगशाळेचीच मान्यता २०१९ ते २०२१ निलंबित होती. तेव्हा मगर फक्त परदेशी नदीत असते असं नाही. नाडाचं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, "नो युवर मेडिसिन" नावाचं ॲप आहे, औषधाचं नाव टाकून बघता येतं. दुकानात येणाऱ्या खेळाडू पोरांना मी ते मोबाईलवर टाकून देतो.

गिरणाकाठ

आनि मव्हानी चालस का भो?

सातपायरी

चालते. दारू २०१८ पासून यादीतच नाही. भांग मात्र स्पर्धेत चालत नाही. आणि भाऊ, पोरगं सतरा वर्षांचं आहे.

लळिंगचा_मामा

सगळ्यांना धन्यवाद. काल चाळीसगावला जाऊन आलो, त्याचा वृत्तांत.

डबा मोरीत ओतला. जांभळा फेस आला, फरशीवर डाग पडला तो अजून गेला नाही. पोराचा चेहरा बघवत नव्हता, त्या डब्याचे त्याने अठराशे दिले होते. ताई दोन तास बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "माझ्या पोराला तू नशेडी समजतोस." तिला कसं सांगू, की नशा वेगळी आणि हे वेगळं? आमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द, ड्रग. शेवटी मेडिकलवाल्यांचं "चोराची बाटली तीच" हे वाक्य तसंच्या तसं सांगितलं.

आजीबाई सगळ्यांत सोप्या. म्हणाल्या, "सरकार नको म्हणतं तर मी तेल चोळते."

केस पेपर आणायला त्या दवाखान्यात गेलो. रजिस्टरात नोंद होती "थकवा". मी बसूनच राहिलो. अर्ध्या तासाने ऊन, गोळे, चक्कर, रक्तदाब, बाटलीचं नाव, असं सगळं लिहून सही-शिक्का मिळाला.

बट्टी_वरण

आता रेसच्या आदल्या रात्री काय द्यायचं?

सातपायरी

लिंबू, मीठ, साखर, माठातलं पाणी. आणि झोप. गोळे बाटलीने जात नाहीत, उन्हात सराव हळूहळू वाढवल्याने जातात.

लळिंगचा_मामा (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. नॅशनल झाली. भाचा एकोणिसावा. पहिल्याच उतारावर साखळी उतरली, तरी एकोणिसावा.

आणि त्याची तपासणी झाली!

फिनिशनंतर एक माणूस कागद घेऊन सावलीसारखा मागे. पोरगं पांढरंफटक. वयाने लहान म्हणून सोबत एक मोठा माणूस चालतो, तो मी. खोलीत सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, पण ४० अंशांत दीड तास सायकल चालवलेल्या पोराच्या अंगात लघवी येणार कुठून? ९० मिली लागते. तासाभराने ५५ झाली. ती सील करून बाजूला ठेवली, परत पाणी प्या. मग तो इतकं पाणी प्यायला, की पुढचा नमुना फार पातळ निघाला. एक साहेब दुर्बिणीसारख्या नळीतून एक थेंब बघतात आणि मान हलवतात. परत थांबा. साडेतीन तास. आत एक माणूस पोराकडे बघत उभा, आणि मी त्या माणसाकडे बघत उभा, हीच माझी ड्युटी म्हणे.

शेवटी जमलं. बाटल्यांचा संच त्यानेच निवडला, ए आणि बी त्यानेच बंद केल्या, नंबर मी दोनदा वाचला. प्रयोगशाळेला फक्त नंबर जातो, नाव नाही. फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली औषधं लिहायची होती. पोराने विचारलं, "मामा, आजीचं तेल लिहू?" साहेब हरियाणाकडचे असावेत, म्हणाले लिख दो. मग "तेल में क्या है?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. लसूण आणि ओवा, हे आजीला फोन करून विचारून लिहिलं.

आमची गाडी चुकली. भुसावळपर्यंत जनरलमध्ये उभ्याने आलो, आणि दर वीस मिनिटांनी पोरगं संडासाच्या रांगेत.

ताईने फॉर्मची आमची प्रत बघितली. पोराचं नाव, भारत सरकारचा शिक्का. न बोलणारी ताई ती प्रत लॅमिनेट करायला घेऊन निघाली आहे.

मेडिकलवाला

थांबवा त्यांना! कार्बनची प्रत गरम रोलरमधून गेली की अक्षरं पसरतात. झेरॉक्स काढून ती लॅमिनेट करा. मूळ प्रत फायलीत, रविवारच्या केस पेपराशेजारी. दहा वर्षं लागू शकते.